विश्वासाचं हिला विचारा

पप्पा,

रविवारी दीदीच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे आणि गॉडमदर मी. दीदीला म्हटलं, "अगं, मी नाताळलासुद्धा फक्त करंज्यांसाठी येते." ती म्हणाली, "माहितीये. तरी तूच." आता नवे पाळकसाहेब सगळ्यांसमोर विचारणार, देवावर विश्वास आहे का. आणि मी पडले तुमची मुलगी. माझा नाही. हो म्हटलं तर बाळाच्या पहिल्याच कार्यक्रमात खोटं, नाही म्हटलं तर आईची मान खाली.

म्हणून सारखी ती दुपार आठवते. चर्चच्या बोअरची मोटर जळाली होती, तुम्ही द्वारका चौकातलं मोटर दुरुस्तीचं दुकान अर्ध्यात बंद करून मला स्कूटरवर पुढे उभी करून निघालात. तुम्ही मोटर खोलताय, जुने पाळकसाहेब चहा घेऊन शेजारी उभे. "काय रे नास्तिका, देवाची मोटर फुकट बांधतोस?" "देवाची कुठं, तुमची. आंघोळ तुम्ही करता." मग नेहमीचं सुरू. ते म्हणतात, माणूस मुळातच पापात पडलेला आहे. तुम्ही म्हणता, "पडलेला कसला साहेब, अजून नीट उभाच राहिला नाही. मोटर जळाली म्हणून तिचं मन वाईट म्हणता का?" "मोटर नुसती जळते. शेजाऱ्याचा पाइप कापत नाही. माणूस कापतो." तुम्ही पाना खाली ठेवलात, हसलात. "हा पॉइंट तुमचा." मग त्यांनी विचारलं, "मोटर कशासाठी बनवली, तुला माहितीये. तू कशासाठी, ते सांग." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "मला कुणी कशासाठी बनवलेलं नाही. पण ही आल्यापासून कामाला लागलोय." पाळकसाहेब म्हणाले, "त्यालाच आम्ही देवाचं बोलावणं म्हणतो रे गाढवा." चहा गार झालेला. तुम्ही दोघेही तोच पिताय.

काल आईला विचारलं, माझ्या बाप्तिस्म्याला पप्पा काय म्हणाले होते? ती ओढणीत तोंड लपवून हसायला लागली. लेकराला विश्वासात वाढवाल का, असं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "वाढवीन. विश्वासाचं हिला विचारा." आणि आईकडे बोट. अख्खं चर्च हसलं, पाळकसाहेबसुद्धा, आणि हसत हसतच माझ्या डोक्यावर पाणी घातलं.

बाळ महिन्याचं आहे. ते पापी आहे असं मला म्हणवत नाही. पण दूध यायला उशीर झाला की दीदीला असं ओरबाडतं, की पाइपवाला पॉइंट आठवतो. आणि माझं बोट धरून झोपतं ना, तेव्हा ते उगाचच आलंय, कशासाठीच नाही, हेही म्हणवत नाही. मग आज नव्या पाळकसाहेबांना फोन करून खरं सांगितलं. म्हटलं, सांभाळीन एवढं मनापासून म्हणेन, बाकी आईकडे बोट दाखवेन, चालेल का? ते म्हणाले, "मग आईंना पुढच्या बाकावर बसवा."

हे तुम्हाला पाठवायचं कुठं? तुमच्या हिशोबाने तुम्ही आता कुठेच नाही. आईच्या हिशोबाने तुम्ही वर जुन्या पाळकसाहेबांशी भांडताय आणि चहा गार होतोय. रविवारी विश्वासाचं मी आईवर ढकलणार आहे. पण तुमच्यापुरतं, फक्त तुमच्यापुरतं, माझाही तिच्या हिशोबावर विश्वास आहे. कुणाला सांगू नका.