टोकाला चेंडू थांबतो

५ जानेवारी
उद्यापासून माझं भौतिकशास्त्राचं व्याख्यान बंद! प्रश्न विचारायचा, पोरांनी उत्तराचं रंगीत कार्ड वर करायचं, शेजाऱ्याशी वाद घालायचा, पुन्हा कार्ड. विभागप्रमुखांनी नाक मुरडलं — "पंधरा दिवस देतो. मग येऊन बसेन. नाही पटलं तर मुकाट्यानं खडू हातात घ्यायचा." एकोणीस वर्षं दुसरं काय घेतलंय हातात?

६ जानेवारी
सत्तर पोरं मख्ख. कार्डांनी वारा घेत बसली.

८ जानेवारी
आईला सगळं समजावलं. शांतपणे म्हणाली, "पोरंच एकमेकांना शिकवणार. मग तू काय, हजेरी घेणार?"

१३ जानेवारी
आज पोरं भांडली! चेंडू सरळ वर फेकला, अगदी टोकाला त्याचं त्वरण किती? निळं कार्ड म्हणजे शून्य. लाल म्हणजे खाली येताना असतं तितकंच. सगळा वर्ग निळा. एकच लाल, म्हणजे बरोबर, शेवटच्या बाकावर, मौनीबाईचं. (हे नाव मी मनातल्या मनात ठेवलंय. पोरीच्या तोंडून आजवर चकार शब्द नाही.) दहा मिनिटं नुसता कल्ला. पुन्हा कार्डं — तर तिचंही निळं! शिकवायला गेले एक, झालं भलतंच.

"का गं बदललंस?" विचारलं. उठली. "मॅडम, टोकाला चेंडू थांबतो, हे तुमचंच वाक्य. सगळे तेच ऐकवत होते. थांबलेल्याला कुठलं त्वरण?"

एकोणीस वर्षं हेच वाक्य!

"मग काय म्हणू?"

"वळतो म्हणा. वळायला कुणीतरी खेचत असायला हवं ना."

पुन्हा कार्डं. सगळा वर्ग लाल. घरी येईपर्यंत मी हसत होते. इतका आनंद मला स्वतःच्या निकालाचाही झाला नव्हता.

२० जानेवारी
विभागप्रमुख सर आले, नेमके मौनीबाईशेजारी बसले. त्यांनाही कार्डं दिली. प्रश्न झोक्याचा: अगदी टोकाला त्वरण असतं का? निळं म्हणजे नाही, लाल म्हणजे असतं. सरांनी तोऱ्यात निळं वर केलं. ती हळूच म्हणाली, "सर, थांबतो की वळतो?" सरांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. निळं कार्ड मांडीखाली गेलं, लाल वर आलं. तास संपल्यावर तडक निघून गेले. आता बहुतेक खडूच.

२१ जानेवारी
कपाटातला कार्डांचा जादा गठ्ठा गायब. आणि शेजारच्या वर्गातून ही आरडाओरड! त्यात सरांचा आवाज — "अरे, थांबतो नाही, वळतो! चला, पुन्हा कार्डं वर!"