पितृपंधरवड्यात संपलेला विमा

सोमवार, आश्विन शुद्ध षष्ठी

आज यांच्याबरोबर विमा कंपनीत गेले होते. अमावास्येला हडपसरजवळ दुभाजकाला धडकलेली आमची गाडी आता भंगारातच जाणार. यांना खरचटलंही नाही, देवाची कृपा. पण भरपाई मिळायची नाही, कारण विम्याची मुदत चार दिवस आधीच संपली होती. हे भरायलाच निघाले होते. "पितृपंधरवड्यात नवं काही नको, घटस्थापनेला भरा," असं म्हणून मीच थांबवलं.

तिथल्या साहेबांनी विचारलं, "मुदत कशी काय चुकली?"

हे म्हणाले, "विसरलो."

"वा! गाडी बाहेर काढायला बरे विसरला नाहीत."

आणि मी शेजारी गप्प. का गप्प बसले?

रिक्षात विचारलं, "अहो, माझं नाव का नाही सांगितलंत?"

"सांगितलंस तू, पण ऐकलं मीच ना?"

घरी मुलीलाही हे "विसरलो गं" म्हणाले, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. खरं ते सांगून टाकलं.

ती म्हणाली, "आई, आजोबा लाइटबिलसुद्धा मुदतीच्या आधी भरायचे. त्यांनी बाबांना त्याच दिवशी पिटाळलं असतं."

पिटाळलंच असतं मामंजींनी. आणि पंधरवडा मी त्यांच्यासाठीच पाळत होते.