दंडाचं माप

प्रिय भिंगरी,

तू पाठवलेला तक्रारअर्ज मिळाला. मी सही जिथे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून ठेवलीस, थेट आईसारखी. तीही मला कापडावर अशीच खूण करून द्यायची. कात्री हातात आली की तुमचा काही भरवसा नाही, म्हणायची. तिला जाऊन आज तीन आठवडे झाले. शिलाई मशीन झाकलेलंच आहे. गिऱ्हाईकं दारातून डोकावतात आणि परत जातात.

अर्जात तू लिहिलंस, हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंनी आईकडे दुर्लक्ष केलं. पोरी, त्या रोज यायच्या. ऑपरेशननंतर आईची भूकच मेली होती, म्हणून त्यांनी दिवसातून सहा वेळा थोडंथोडं खाणं लावून दिलं. सूप, अंडं, ते पावडर घातलेलं दूध. किती पोटात गेलं ते सिस्टर तक्त्यावर लिहायच्या. बाई म्हणायच्या, मावशी, हे औषधच समजा, फक्त कडू नाही. त्यावर आई, कडू परवडलं असतं हो! सगळा वॉर्ड हसायचा.

दर सोमवारी बाई टेपने आईच्या दंडाचं माप घ्यायच्या. मी चाळीस वर्षं टेप गळ्यात घालून वावरलेला माणूस, आकडा मला लांबूनच दिसायचा. आधी बावीस सेंटिमीटर, मग एकवीस, मग साडेएकोणीस. बाई बुचकळ्यात पडल्या. काका, ताट तर चाटूनपुसून परत येतंय, मग ह्या उतरतायत कशा? मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

तू रविवारी यायचीस आणि म्हणायचीस, गाऊन आईला कसा छान बसलाय! बसणारच. दर शनिवारी मी तो बाजूच्या शिवणीतून आत घेत होतो.

हे तुझ्यासमोर बसून मला सांगता आलं नसतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना नाकातून नळी घातलेली आईने पाहिली होती. ताट भरलेलं परत गेलं तर आपल्यालाही घालतील, हे तिने ताडलं. माझा हात धरून म्हणाली, अहो, भिंगरीने मला तसं बघायला नको, तुम्ही खाऊन टाका ना. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे हट्टाने मागितलेलं हे एकच. मग पडदा ओढून मी खायचो. ती बघत राहायची आणि विचारायची, मीठ बरोबर आहे ना? नळी किती दिवस ठेवतात, एवढं तरी मी बाईंना विचारायला हवं होतं. अंगात जरा ताकद येईपर्यंतच, असं त्यांनी सांगितलं असतं. मी विचारलंच नाही.

अर्ज सही न करता परत पाठवतोय. सोमवारी त्या बाईंना भेटून सगळं सांगणार आहे, पण आधी तुला कळायला हवं होतं. त्या महिन्यात माझं वजन तीन किलो वाढलं, भिंगरी. ते अजून अंगावर आहे.

तुझाच, तुला चालेल तर अजूनही,
बाबा