कोरी कॉलर

चिमे,

बाबांचा निळा शर्ट उन्हाने फक्त खांद्यांवर विटला आहे. कॉलर अजून कोरी करकरीत आहे. अंगात घातलेला शर्ट आधी कॉलरला झिजतो. लाँड्रीत रोज ढीगभर कॉलरी घासते मी, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंच्या लक्षात आलं. सकाळी नळावर म्हणाल्या, "काय गं, तुझ्या बाबांना घामच येत नाही वाटतं?"

घरात मोठं माणूस आहे असं दिसावं म्हणून दीड वर्ष आपण तो शर्ट एक दिवसाआड भिजवून दोरीवर टाकतो. आज टाकू नकोस. घडी घालून पेटीत ठेव.

बारक्याच्या कानात औषधाचे दोन थेंब घाल. तो बोंबलेल, तरी घालच.

चार वाजता आत्या त्याला कायमचं न्यायला येईल. "बाबांना विचारून सांगते" म्हणत मी तिला आजवर टाळलं. तिला पाणी दे, बसायला खुर्ची दे, बारक्याचे कपडे मात्र देऊ नकोस. मी सहाला येते, तोवर थांब म्हणावं.

आणि कुणी काही विचारलं तर मान खाली घालू नकोस. मीही घातली नाही. नळावर सगळ्यांच्या देखत सांगितलं, "काकू, बाबा आता येणार नाहीत. या घरात मोठी मी आहे. आम्ही तिघं इथेच राहणार, आणि एकत्र राहणार."