दुसऱ्या बॅटरीची जागा

प्रिय सूनबाई,

तुझा निरोप धाकट्याने मला मोठ्याने वाचून दाखवला. तसे करण्याचे कारण नव्हते. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे असले, तरी लिहिलेले मला वाचता येते आणि वाचलेले समजते. नंतर त्याच्याकडून फोन घेऊन तो निरोप मी स्वतः पुन्हा वाचला. खिंडीपलीकडे, जिथे आपला थोरला सायकलवरून दरीत पडला, तिथे तू एकटी जाणार आहेस आणि त्यासाठी सॅक कोणती घ्यावी, असे विचारले आहेस. जन्मभर कॅनव्हासच्या पिशव्या शिवणाऱ्या माणसाला हे विचारलेस, ते योग्यच केलेस. उत्तराला उशीर झाला, कारण वस्तू हातात घेतल्याशिवाय मत देण्याची मला सवय नाही.

म्हणून धाकट्याला घेऊन बाजारातल्या मोठ्या दुकानात जाऊन आलो. तिथला विक्रेता एक सॅक दाखवून म्हणाला, "आजोबा, ही वीस लिटरची." मी विचारले, "हिच्यात सामान भरायचे की पाणी?" माणूस वाईट नव्हता. त्याने ती माझ्याच पाठीवर चढवली, पट्टे आवळले आणि मला आरशासमोर उभे केले. "आता फक्त सायकल घ्यायची राहिली," असे म्हणाला. धाकटा तोंड फिरवून हसू लागला. आपल्या घरातले कोणी हसलेले मी फार दिवसांनी ऐकले, त्यामुळे रागावलो नाही.

आता मत देतो. इलेक्ट्रिक सायकल चालवणाऱ्याची पिशवी आणि पायी चालणाऱ्याची पिशवी यांत फरक आहे. पायी चालणाऱ्याचे ओझे वर असले तरी चालते. सायकलवर ते खाली, कमरेजवळ आणि पाठीला चिकटून हवे, नाहीतर उतारावर तेच ओझे माणसाला हँडलवरून पुढे ढकलते. जादा बॅटरी सर्वांत जड, म्हणून तिचा कप्पा पाठीलगत आणि तळाशी असावा. ती आत हलता कामा नये. कमरेचा पट्टा रुंद पाहिजे. छातीवरचा पट्टा असा हवा, की हातमोजे न काढता सुटेल. पाठीशी जाळी असावी, म्हणजे घाम सुकतो. शिवण दुहेरी आहे ना, ते मी आतून उलटे करून पाहिले. पट्टा जिथे पिशवीला जोडलेला असतो, तिथे पहिल्यांदा उसवते. दुकानातल्या देखण्या पिशव्यांपैकी निम्म्या तिथेच कच्च्या होत्या.

मात्र तुझा निरोप वाचताना मी एके ठिकाणी थांबलो. तू लिहितेस, सगळ्यांत लहान सॅक सांगा, त्याचा स्वेटर मावला की पुरे. पाणी प्यायची नळी नको. विजेरी नको. पावसाचे आवरण नको. जादा बॅटरीची जागा तर मुळीच नको.

सूनबाई, माझ्या दुकानात हमाल आले, शिकारी आले, घर सोडून निघालेली माणसे आली. पिशवी करून घेणारा माणूस कुठे जाणार आणि किती दिवसांनी परतणार, हे तोंडाने सांगत नाही. काय काय मावले पाहिजे, एवढेच सांगतो, आणि त्यावरून मला कळत असे. मी कधी कोणाला विचारले नाही. ते माझे काम नव्हते.

थोरला त्या वाटेबद्दल नेहमी एक गोष्ट सांगायचा. तुझ्यासमोरही सांगितली आहे. खिंड चढून पलीकडे उतरेपर्यंत पहिली बॅटरी संपत येते. परत यायचे तर तीच खिंड पुन्हा चढावी लागते आणि त्यासाठी दुसरी लागते. "बाबा, पहिली बॅटरी डोंगराची, दुसरी घराची," असे तो म्हणायचा. तुम्ही दोघे जायचात, तेव्हा दोघांच्याही सॅकमध्ये ती असे. तू हे विसरलीस, असे मला कोणी सांगितले, तर मी मानणार नाही.

त्याला घरी आणले त्या दिवशी तुझ्या सासूबाई चारचौघांत म्हणाल्या, "ही पुढे निघून गेली. माझा मुलगा मागे पडला, तरी हिला कळलं नाही." ते वाक्य घेऊन तू आमच्या घरातून गेलीस आणि पुन्हा आली नाहीस. अरुंद वाटेवर एकाने पुढे आणि एकाने मागे राहावेच लागते. ही गोष्ट मला समजते. त्यांनाही समजते. परंतु ज्या आईचा मुलगा गेला, तिला त्या दिवशी समज नव्हती. आता सासूबाई दिवसभर धाकट्याला विचारतात, "तिचा फोन आला का रे?" तो नाही म्हणाला, की उठून स्वयंपाकघरात जातात आणि घासलेली भांडी पुन्हा घासतात.

सॅक मी घेतली आहे. लहान नाही, जादा बॅटरीचा कप्पा असलेली. ती पाठवलेली नाही आणि पाठवणारही नाही. मानेच्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत पाठ मोजावी लागते, आत वजन ठेवून पट्टे बसवावे लागतात आणि हे काम समोरासमोरच होते. पण हे पत्र मी सॅकसाठी लिहिलेले नाही. तू परत न येण्याच्या विचाराने निघाली आहेस, असे मला वाटते. माझा समज चुकीचा असेल, तर म्हाताऱ्याला भ्रम झाला म्हण, मला राग येणार नाही. खरा असेल, तर एक मुलगा गमावला, तेवढे मला पुरले, सूनबाई. दुसरे लेकरू गमावण्याचे बळ माझ्याजवळ उरलेले नाही. पत्र टपालाने पाठवले असते, तर उशीर झाला असता, म्हणून धाकट्याच्या हाती दिले आहे. तू वाचून संपवेपर्यंत तो तुझ्या दाराशीच बसेल. त्याच्यासोबत सासूबाईही येत आहेत. तू आपल्याला घरात घेशील की नाही, याची त्यांना खात्री नाही, म्हणून त्या खाली गाडीतच थांबणार आहेत. त्यांना जिने चढवत नाहीत. तूच खाली जा.

तुझाच,
सासरा