सासूबाईंचा गुडघा आणि माझी गॅमा किरणं

३ मार्च
सासूबाई चार दिवसांसाठी आल्या, त्याला पाच महिने झाले. चौथा मजला, लिफ्ट नाही, गुडघा कामातून गेलेला. वर आल्या त्या आल्याच. बेडरूम त्यांची. मी सोफ्यावर, पाय बाहेर.
उपाय एकच: नवा गुडघा. त्यात घरातला तज्ज्ञ मीच. आमच्या प्लांटमध्ये कृत्रिम गुडघ्यांची सीलबंद खोकी गॅमा किरणांसमोरून फिरतात, जंतू मरतात, मग माल हॉस्पिटलला. उद्या त्यांना शांतपणे समजावणार. समजावण्यात माझा हात कोणी धरत नाही.

४ मार्च
समजावलं. त्यांनी विचारलं, किरणं आत राहतात का. म्हटलं, खोक्यावर टॉर्च मारला तर आत उजेड साठतो का? म्हणाल्या, मग तुम्ही छातीला किरणं मोजायचा बिल्ला का लावता? खुलासा जरा लांबला.
ऑपरेशनला नकार. माझा टॉवेल वेगळा वाळतोय.

५ मार्च
बायको म्हणते, आई परवाच तयार झाली होती, तुला कुणी बोलायला सांगितलं होतं? हे आधी कळवायला हवं होतं. सोफ्यावर झोपून पाठ धरली आहे.

९ मार्च
त्यांना प्लांटच दाखवायचा. साहेबांच्या मिनतवाऱ्या करून परवानगी काढली. घरी आल्यावर लक्षात आलं, त्या जिना उतरू शकत असत्या तर प्रश्नच नव्हता. परवानगी मिळाली, हेही काही कमी नाही.

१२ मार्च
खोक्यावर लावतात ते स्टिकर दाखवलं. किरणांआधी पिवळं, नंतर लाल. किती सोपं! त्या म्हणाल्या, लाल म्हणजे धोका, एवढं आम्हालाही कळतं. शेजारीणबाईंनाही कळलंय. जिन्यात त्या मला भिंतीला चिकटून वाट देतात.

१८ मार्च
डॉक्टर घरी आले. म्हणाले, गुडघा अगदी सुरक्षित आहे, जावयांचं ऐकू नका. सासूबाई लगेच तयार. मशागत अर्थात माझीच होती.

२ एप्रिल
ऑपरेशन उत्तम. आणखी महिनाभर मुक्काम, बायको म्हणते. महिना काय, चुटकीसरशी जाईल.

२० मे
सासूबाई दिवसातून दोनदा चारही मजले चढउतार करतात. आज त्यांची बॅग मीच दाराशी नेऊन ठेवली. त्यांनी ती परत आत नेली. म्हणाल्या, माझं घर तळमजल्यावर, तिथे कुठला जिना? नव्या गुडघ्याला जिन्याचा व्यायाम हवा.
असं कुठले डॉक्टर म्हणाले, मी विचारलं.
म्हणाल्या, डॉक्टर नाही, जावईबापू, मागच्या आठवड्यात तुम्हीच समजावलंत. छान समजावता हो तुम्ही.