नव्या सीलवरचा काप

नांदेड, १२ जानेवारी २०२५

चि. गंधार,

आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोनवर तू "आई, क्लास आहे" म्हणून ठेवून देतोस. लातूरच्या मुलांना फिजिक्स शिकवून सवड झाली की हे पूर्ण वाच.

सूनबाई देविकाने पाठवलेला स्वेटर तुझे बाबा घालतात. बटणं मात्र मी लावते. दिवाळीपर्यंत स्वतः लावत होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर डॉक्टर म्हणाले होते, हात कामात ठेवा. म्हणून तर दिवाळीत मोटारसायकलच्या इंजिनचं झिजलेलं ऑईल सील, तेल गळू न देणारी ती रबरी कडी, घरीच बदलायला बसले. तू शेजारी चटईवर बसलास. बापलेकांना असं बसलेलं पाहून मी वेडी हरखले आणि दोघांना चहा दिला. बाबा गोळी घ्यायला आत आले, तेव्हा नवं सील तुझ्यासमोर कागदावर होतं.

दुसऱ्या दिवशी फरशीवर तेलाचं थारोळं. "हात गेले माझे, इंदू," म्हणाले. तू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "जाऊ द्या बाबा, विकून टाकू गाडी." किती प्रेमाने म्हणालास! तेव्हापासून त्यांनी दाढीसुद्धा केली नाही.

परवा ते सील मी स्वतः उपसून काढलं. जुनं झिजून गुळगुळीत झालं होतं. या नव्याच्या आतल्या कडेवर मात्र सरळ, आडवा काप. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला शिवण शिकवलं आहे. फाटलेलं कोणतं आणि कापलेलं कोणतं, ते मला कळतं. ब्लेड कुठून घेतलंस ते विचारत नाही.

बाप गाडीवरून पडेल म्हणून केलंस, हेही कळतं. मग तोंड होतं ना? "बाबा, गाडी चालवू नका," म्हणायचं. भांडले असते, जेवले नसते. त्यांचे हात तरी त्यांचे राहिले असते.

त्यांना मी सांगितलं, सील दुकानातूनच खराब आलं. त्यांनी ईश्वरप्पाला फोनवर यथेच्छ झापलं. तो बिचारा म्हणाला, "साहेब, माल वरूनच तसा आला आसंल. दुसरं देतो की." दुसरं काल बाबांनीच बसवलं. कड मुडपू नये म्हणून इंजिनच्या दांड्यावर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला, वर पान्याची पोकळ गोटी ठेवून हळूहळू ठोकलं. हात थरथरत होता. वाकडं जायला लागलं की थांबायचे, सरळ करायचे. मी फक्त टॉर्च धरली.

आज फरशी कोरडी आहे. सकाळी त्यांनी दाढी केली. हनुवटीवर कापलं, तरी शीळ घालत होते.

येत्या रविवारी ये. आधी ईश्वरप्पाच्या दुकानात जा आणि माफी माग. मग घरी येऊन बाबांना स्वतःच्या तोंडाने सांग. गाडी चालवायची की नाही, यावर नंतर भांडू. तेव्हा मी कदाचित तुझ्याच बाजूने असेन. पण तू आला नाहीस तर सोमवारी मीच सांगणार. तुझ्यासाठी एकदा खोटं बोलले, तेवढं पुरे.

खाली नेहमी 'तुझी आई' लिहिते. आज नुसतीच,

आई